अस्पष्ट कारणं दहा टक्क्यांच्या आत

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१०
सहाला उठायचं ठरवलं होतं. दहा मिनिटं उशीर. पण बाहेर सहा डिग्री आहे, म्हणजे कारण सबळ आहे. कारणांच्या बाबतीत मी कडक आहे. पेशाच तो, मृत्यूनोंदणी कार्यालयात गुणवत्ता समन्वयक.

यंदा संकल्प एकच. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यातल्या अडतीस टक्के लोकांपुढे कारणाच्या रकान्यात ‘अस्पष्ट’ लिहिलंय. शंभरातली अडतीस माणसं गेली आणि का गेली हे सरकारला ठाऊक नाही! हा आकडा मी वीस मार्चच्या आढाव्यापर्यंत दहाच्या आत आणणार. कार्यालयप्रमुख रत्नप्रभा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या आहेत की आकडा दहाच्या आत आला तर संभाजीजींचं कॉन्ट्रॅक्ट वाढवू, आगे परमानेंट का भी देखेंगे. ‘देखेंगे’ म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

(इथे सगळ्यांना जी लावतात. माझ्या नावात एक जी आधीच आहे, हे तीन वर्षं सांगून पाहिलं. आता सोडून दिलंय.)

२ जानेवारी, गुरुवार
बायकोला, कौमुदीला, कंपनीने पुण्याची जागा देऊ केलीय. बढतीसकट. पंधरा मार्चपर्यंत कळवायचं. मी म्हटलं, नाही म्हणून टाक, एप्रिलपासून मी इथे परमनंटच्या मार्गावर. तिने विचारलं, लेखी आहे का काही? मी म्हटलं, मॅडमच्या बोलण्यात होतं. ती बरं म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

कौमुदीचा माझ्यावर विश्वास आहे. जयपूरला आम्ही आलो ते तिच्या नोकरीसाठी, हे खरं. पण आता राहतोय ते माझ्या करिअरसाठी. तिला अजून तसं वाटत नसेल. मार्चनंतर वाटेल.

६ जानेवारी, सोमवार
छीतरमलजींना योजना समजावली. तीन टप्पे, चौदा स्लाइड्स. छीतरमलजी म्हणजे आमचे हेडक्लार्क. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत. सगळं शांतपणे ऐकलं, मग विचारलं, चाय लेंगे? चहा घेताना म्हणाले, भाईसाहब, जो गया सो गया.

ही वृत्तीच मुळाशी आहे. त्यांच्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं. चहा मात्र चांगला होता.

८ जानेवारी, बुधवार
शास्त्री नगरातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना छोटा, पण सर्टिफिकेटं भरपूर. गेल्या वर्षी एकसष्ट दिली. एकसष्टच्या एकसष्टांवर लिहिलंय, ‘हृदय बंद पड़ना’. त्यांना नम्रपणे सांगितलं की हृदय बंद पडणं हे मृत्यूचं कारण नव्हे, तो मृत्यूच आहे. मूळ आजार लिहायला हवा. ते म्हणाले, तो क्या लिखूँ, हृदय चल रहा था?

यावर उत्तर आहे. स्कूटरवर बसल्यावर सुचलं.

ठराव: डॉक्टरांसाठी कार्यशाळा. प्रबोधनाशिवाय पर्याय नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
कार्यशाळा झाली. बोलावले चाळीस, आले तीन. एक डॉक्टर आमच्या इमारतीत पार्किंग मिळतं म्हणून आले होते, गाडी लावून गेले. दुसरे समोशापर्यंत थांबले. तिसरे शेवटपर्यंत बसले, नोट्स घेतल्या आणि नमुना फॉर्म असा भरला की मला भरून आलं. तात्काळ कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण, किती दिवस, सगळं. विचारलं, कुठे प्रॅक्टिस करता? दुर्गापुऱ्याला, म्हणाले. जनावरांचे डॉक्टर. मेसेज कुणीतरी चुकून पुढे पाठवला होता. म्हणाले, भैंस के केस में तो कारण लिखना ही पड़ता है साहब, मालिक पूछता है.

उपस्थिती: शंभर टक्के दर्जेदार. अहवालात असंच लिहिलं.

२१ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.४०
सुचलं! युरेका!

अडचण अशी होती. निम्म्याहून जास्त माणसं घरी जातात. डॉक्टरचा कागद नसतो. मग आम्ही घरच्यांना विचारायचं की शेवटच्या दिवसांत नेमकं काय होत होतं. ताप होता का, धाप लागायची का, सूज होती का. त्यासाठी एकशे बारा प्रश्नांचा फॉर्म आहे. टॅबलेटवर. पण फोन केला की लोक लोन नको म्हणून ठेवून देतात.

आज चहा पिताना पेपरातलं शेवटून तिसरं पान उघडं राहिलं. अख्खं पान ‘तीये की बैठक’च्या जाहिरातींचं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी घरचे चार जण राख सावडून येतात आणि संपलं. इथे तिसऱ्या दिवशी रीतसर बैठक भरते. चार ते पाच. मंदिरात नाहीतर सामुदायिक भवनात. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. पेपरात फोटो, पत्ता, वेळ, चार मोबाइल नंबर.

म्हणजे सगळे साक्षीदार एका सतरंजीवर, एक तास, आयते! एवढी वर्षं हे सरकारच्या लक्षात कसं आलं नाही?

कौमुदीला सांगितलं. ती म्हणाली, लोक तिथे रडायला येतात रे. मी म्हटलं, म्हणूनच, आठवणी ताज्या असतात. ती बरं म्हणाली.

२३ जानेवारी, गुरुवार
पहिली बैठक, सोडाला भागात. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, टॅबलेट. चार्जिंगचा प्लग फक्त फोटोशेजारी होता म्हणून तिथेच बसलो. तासभर कुणीच काही बोलत नाही हे माहीत नव्हतं. माहिती असायला हवी होती, पण जाहिरातीत दिलेली नाही.

पाच वाजता घरचे दाराशी हात जोडून रांगेत उभे राहिले. थोरल्या मुलाने ‘बाद में बताता हूँ’ म्हटलं होतं, म्हणून मी त्याला न सोडता शेजारी उभा राहिलो. एकशे ऐंशी लोकांनी मला हात जोडले. एका आजोबांनी मिठी मारली आणि म्हणाले, बिल्कुल अपने पिताजी पर गए हो.

प्रश्नांची उत्तरं: ११२ पैकी ०. जनसंपर्क: १८०. सुरुवात म्हणून वाईट नाही.

२८ जानेवारी, मंगळवार
तिसरी बैठक. पद्धत बदलली. आत न बसता, चपला काढतात तिथे उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न, काय झालं होतं? थोरला मुलगा म्हणाला, हार्ट. धाकटा म्हणाला, भाईसाहब ने दिल दुखाया. मेहुणे म्हणाले, नातू कॅनडाला गेला तेव्हाच ते गेले होते, आता फक्त देह गेला. शेजारी म्हणाले, डॉक्टरने कचौरी बंद केली, त्या दिवसापासून उतरणच लागली. चप्पल राखणारे म्हणाले, भले आदमी थे.

कारणं पाच. कोड शून्य. आमच्या कोडच्या पुस्तकात मगर चावल्याचा कोड आहे. (जयपुरात!) नातू कॅनडाला गेल्याचा नाही.

या गृहस्थांपुढे छीतरमलजींनी आधीच ‘हृदय’ लिहून ठेवलं होतं. माझ्या चौकशीनंतर ते टिकत नाही. प्रामाणिकपणे खोडून ‘अस्पष्ट’ केलं. आकडा ३९. तात्पुरतं.

५ फेब्रुवारी, बुधवार
जुन्या नोंदीही तपासायला घेतल्या. जिथे ‘हृदय’ लिहिलंय तिथे खोदलं की खाली काहीच निघत नाही. एका बाईंपुढे ‘पक्षाघात’ होतं. घरी गेलो तर सून म्हणाली, नाही नाही, त्या तर पापड वाळत घालत होत्या. मग पक्षाघात कुणी सांगितला? म्हणाली, ऑफिसातल्या बाबूजींनी विचारलं, लकवा लिख दूँ? आम्ही म्हटलं, लिख दो.

आकडा ४४. हा वाढलेला दिसतो तो खरं तर शुद्ध होतोय. घर झाडायला काढलं की आधी धूळच उडते. हे मॅडमना समजावून सांगणार. वेळ आली की.

११ फेब्रुवारी, मंगळवार
दोन तास पूर्ण वाया. गोपीलालजी म्हणून एक आजोबा, बैठकीनंतर मला सोडेचनात. बायको गेली. पहिला प्रश्न विचारला, ताप होता का? तर म्हणाले, आप बैठो. मग सुरू. शेवटच्या आठवड्यात ती सारखी खिडकी उघडायला सांगायची, मोर आलाय का बघा म्हणायची. रोज संध्याकाळी विचारायची, तुम्ही जेवलात का? बोलता येईना झालं तेव्हाही तोंडाकडे बोट नेऊन विचारायची. हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौपन्न वर्षांत तिने माझ्या आधी एकदाही जेवण घेतलं नाही आणि आता या एका बाबतीत पुढे गेली, असं म्हणून हसले. निघताना हात धरून म्हणाले, इतने लोग आए, किसी ने पूछा नहीं कि क्या हुआ था.

११२ पैकी ३ उत्तरं. त्यातलं एक नाव.

बाहेर येऊन टॅबलेटची काच दोनदा पुसली. सतरंजीची धूळ.

१६ फेब्रुवारी, रविवार
मूळ अडचण सापडली! सगळं बायकांना माहीत असतं आणि बायका पलीकडे बसतात. कौमुदीला गळ घातली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणाली, पण आली. बैठक छप्पन वर्षांच्या एका शिक्षकांची. मी पुरुषांत पाऊण तास बसून ‘हार्ट’ एवढंच मिळवलं.

ती वीस मिनिटांत बाहेर. स्कूटरवर मागे बसून सांगू लागली. चार महिने ते गृहस्थ भिंतीला टेकून बसून झोपत होते. आडवं झालं की धाप. पाय सुजून बूट चढत नव्हते, म्हणून सँडल घालून शाळेत जायचे आणि फॅशन आहे म्हणायचे. मुलीचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगू नकोस, अशी बायकोला शपथ घातली होती. लग्न दोन तारखेला झालं.

संपूर्ण निदान! धाप, सूज, कालावधी, सगळं! मी स्कूटर कडेला घेतली, टॅबलेट काढला. कौमुदीने त्यावर हात ठेवला. म्हणाली, त्या बाईने माझा हात हातात घेऊन मला सांगितलंय, तुझ्या फॉर्मला नाही. लिहिलंस तर मी पुन्हा तुझ्या मागे बसणार नाही.

मी म्हटलं, राष्ट्राच्या आरोग्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, राष्ट्राला उद्या जाऊन विचारू दे.

नाइलाजाने ‘अस्पष्ट’. तत्त्वाचा प्रश्न होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कौमुदी दोन दिवस पुण्याला. ऑफिसचं काम. अक्षदाला बरोबर नेलंय. शाळा चालू असताना सहावीतल्या मुलीला का नेलं ते विचारायचं राहून गेलं. आकडे फार आहेत.

वरणभात जमला. वरण अस्पष्ट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आकडा ५८. पण दुसरीकडे प्रगती अफाट. मंडपवाले आता मला ओळखतात, उद्याच्या बैठकींची यादी व्हॉट्सॅपवर पाठवतात. आज एकजण म्हणाला, वो मराठी भाईसाहब आ गए, अब शुरू करो. माझी जागा राखलेली असते. गुलाबपाकळ्यांचं तबक माझ्या हातात देतात. कुणाला पाणी हवं, कुणाला खुर्ची, पंखा कुठला लावायचा, हे मला विचारतात. गेल्या आठवड्यात दोन बैठकींत मी टॅबलेट काढलाच नाही. बरोबर दिसलं नसतं.

अक्षदा म्हणाली, पप्पा, मतलब तुम्ही रोज कुणाकुणाच्या डेथला जाता आणि तिथे काम करता? मी म्हटलं, डेथला नाही, डेटासाठी. ती म्हणाली, पण मम्मी म्हणते तुम्ही आजकाल चांगले झालात.

आजकाल?

४ मार्च, मंगळवार
६६. छीतरमलजींनी रजिस्टर पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, भाईसाहब, आपने तो सबका कारण ही ले लिया. मी सांगितलं की हे सत्य आहे. ते म्हणाले, सत्य है, पर वीस तारीख भी है.

छीतरमलजींची दृष्टी आकड्यापुरती आहे. मी कारणाच्या मुळाशी जातोय. वीस तारखेआधी शेवटच्या टप्प्यात सगळं एकदम खाली येणार. परीक्षेच्या वेळी माझं नेहमी असंच व्हायचं. (बी.एस्सी.ला दोनदा.)

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
सुट्टी. दार लावून बसलो, तरी छीतरमलजी सहकुटुंब आले, कानामागे गुलाल लावला आणि घरच्या गुजिया दिल्या. कौमुदीशी दारात बराच वेळ बोलत होते. काय, ते कळलं नाही. तोंडात गुजिया होती.

१५ मार्च, शनिवार
आज पुण्याचा शेवटचा दिवस. मी स्वतःहून विषय काढला. म्हटलं, मनात काही किंतु ठेवू नकोस. आकडा आज ७४ दिसतो, पण हा ताप उतरण्याआधीचा ताप आहे. माझ्या शब्दावर निश्चिंत राहा. तिने मग विचारलं, तुला हे काम आवडतं ना रे? मी म्हटलं, म्हणजे काय! ती बरं म्हणाली.

किती समजूतदार बाई आहे. एवढी बढती सोडली, चेहऱ्यावर रेषासुद्धा नाही.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ४.५०
उद्या आढावा. आकडा ७४.

चार वाजता छीतरमलजी रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आले. पेन उघडलं. म्हणाले, सम तारखेला गेले ते हृदय, विषम तारखेला गेले ते फेफड़ा. सोमवारवाले लकवा, नाहीतर मॅडमना एकसारखं वाटेल. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, हा त्या माणसांचा अपमान आहे. ते म्हणाले, अपमान तो उनका तब भी था जब अस्पष्ट थे. मी म्हटलं, मी हे होऊ देणार नाही. ते म्हणाले, तो आप ज़रा बाहर घूम आओ.

निषेध म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चाळीस मिनिटं. टपरीवर दोन चहा घेतले, निषेधाचेच. आत आलो तर आकडा ४.२.

शिक्षकांचं पान काढून बघितलं. अकरा फेब्रुवारीला गेले असते तर फुप्फुस. पण ते चौदाला गेले होते. हृदय लागलं. खरं तेच लागलं. आणि गोपीलालजींची बायको, जी मोर आला का विचारायची, तिला फुप्फुस मिळालं.

मी सही केलेली नाही. थांबवलंही नाही. पण सही केलेली नाही.

२० मार्च, गुरुवार
आढावा झाला. ४.२ ऐकून मॅडम खुर्चीतून उठल्या. टाळ्या. ११.४० ला मी ठरवलं की उठून खरं सांगायचं. आकडा चौऱ्याहत्तर आहे, आणि चौऱ्याहत्तर हाच खरा निकाल आहे, कारण आपल्याला खरोखरच माहीत नाही आणि विचारायला कुणी जात नाही. वाक्य मनात तयार होतं. ११.४१ ला मॅडम डेंग्यूवर गेल्या.

शेवटी माझ्याबद्दल बोलल्या. संभाजीजींनी काम इतकं पूर्ण केलंय की आता समस्या उरलेलीच नाही. म्हणून गुणवत्ता समन्वयक हे पद पुढच्या वर्षी ठेवण्याची गरज नाही. माझी रजा शिल्लक आहे, ती जोडून उद्यापासूनच मोकळा. फाइलच्या आकाराचं प्रशस्तिपत्र. छीतरमलजी टाळ्या वाजवत नव्हते. खाली बघत होते.

म्हणजे यशामुळे गेली नोकरी. हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

कौमुदीला योग्य वेळी सांगणार. पुणं सोडायला लावून पाच दिवस झाले फक्त. आज योग्य वेळ नव्हती. भाजी जळली होती.

२१ मार्च, शुक्रवार
नऊला नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. कुठे, ते जवाहर सर्कलपर्यंत ठरलं नव्हतं. बागेत बसलो. डबा साडेदहालाच संपला. तीनला मंडपवाल्याचा मेसेज आला. गेलो. पंखा होता, पाणी होतं.

ठराव: सोमवारी सांगायचं.

२४ मार्च, सोमवार
सांगणार होतो. पण तिने डब्यात गुळपोळी दिली होती. ज्या दिवशी गुळपोळी दिली त्याच दिवशी असं सांगणं बरं नव्हे.

बैठक: दोन. दुसरीकडे फुलं मीच वाटली.

२६ मार्च, बुधवार
आज श्रीखंड. कसला सण आहे? विचारलं तर म्हणाली, सहजच.

हिला काहीच माहीत नाही, हेच जास्त बोचतं. माझ्या भरवशावर सगळं सोडून बसलीय आणि मी रोज सकाळी तिच्या हातचा डबा घेऊन बागेतल्या कबुतरांत बसतो. वाईट वाटतं. स्पष्ट लिहितो. फार वाईट वाटतं.

उद्या नक्की.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०
आज दुर्गापुऱ्याला बैठक होती. भवन नवीन, माणसं अनोळखी, कुणी मला ओळखत नव्हतं. मागे भिंतीशी बसलो. भजन चालू होतं. काही नाही, एरवी बैठकीत कुणी बोलत नाही, पण इथे एका गृहस्थांनी उठून चार शब्द सांगितले. म्हणाले, ते रोज सकाळी नऊला घरातून निघायचे, कधी उशीर नाही, कधी तक्रार नाही, कुठे जातात ते आम्ही विचारलंही नाही.

मग मला काय झालं ते सांगता येत नाही. आधी वाटलं खोकला आहे. पण थांबेना. मोठ्याने. एवढं मोठ्याने मी आईच्या वेळीही रडलो नव्हतो. शेजारच्याने पाठीवर हात ठेवला. बायकांच्या बाजूने पाण्याचा पेला हातोहात आला. कुणीतरी विचारलं, आप क्या लगते थे? मी म्हटलं, साथ में काम करते थे. त्यांनी मला उठवून पुढे, मुलांच्या शेजारी नेऊन बसवलं. मुलगाही रडायला लागला. तोवर तो रडला नव्हता, असं नंतर त्याच्या काकांनी सांगितलं. माझे आभार मानले.

घरी आलो आणि चपला न काढताच दारात सांगून टाकलं. कॉन्ट्रॅक्ट गेलं, वीस तारखेला गेलं, रोज बागेत बसतो, तुझं पुणं मी घालवलं.

कौमुदी म्हणाली, माहीत आहे.

छीतरमलजींनी वीस तारखेला संध्याकाळीच फोन केला होता. भाभीजी, साहब को कुछ मत कहिएगा, अपने आप बताएँगे. म्हणजे गुळपोळी, श्रीखंड, सगळं माहीत असून. आणि पुण्याला तिने हो म्हटलेलं आहे. कधी? तीन जानेवारीला. मी योजना आखायला बसलो त्याच आठवड्यात! अक्षदाची शाळाही ठरली, फेब्रुवारीत तेवढ्यासाठीच गेल्या होत्या. अक्षदाला माहीत. छीतरमलजींना धुळवडीला माहीत. खालच्या चौकीदारालाही माहीत, कारण ट्रक रविवारी येतोय आणि गेट त्यालाच उघडायचंय.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तीन महिने!

ती म्हणाली, सांगणार होते रे, रोज. पण तू सकाळी उठून कुर्ता घालायचास, घाईघाईने निघायचास. लग्नाला चौदा वर्षं झाली. तुला कुठे जायची घाई झालेली मी पहिल्यांदा बघत होते.

मी म्हटलं, तशी पुण्यातही मृत्यूनोंदणी होतच असेल. तिथे कुणीतरी जाणता माणूस लागेलच. ती बरं म्हणाली. मग माझे डोळे बघून विचारलं, रडलास का? मी म्हटलं, अगरबत्तीचा धूर. तिने विचारलं, कोण गेलं होतं आज?

आणि मला सांगता येईना. वय माहीत नाही. काय झालं होतं ते माहीत नाही. नाव विचारलंच नव्हतं. फोटोकडे बघायचंही राहिलं होतं. एवढं ज्याच्यासाठी रडलो तो माणूस कोण, ते मी विचारलं नव्हतं.

म्हटलं, थांब, सकाळच्या पेपरात असेल. पण पेपर तिने बांधाबांधीत कपांना गुंडाळले होते. खोका उघडून खाली बसलो आणि एकेक कप सोडवून पानं बघू लागलो. क्रिकेट, सोन्याचा भाव, शाळांचे प्रवेश, पुन्हा क्रिकेट. सहावा कप सोडवत होतो तेव्हा कौमुदी शेजारी येऊन बसली. तिनेही एक कप घेतला आणि कागद उलगडून वाचायला लागली.